डब्यातला भात आणि शंभर रुपयांची नोंदणी

वर्षाला शंभर रुपये भरले की घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्याची सरकारदरबारी नोंदणी होते. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापता येतो. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळवून विकणाऱ्या बाईंना जी नोंदणी लागते, तीच रोज पन्नास डबे भरून पाठवणाऱ्यांनाही लागते. फी तीच, अर्ज तोच, स्वच्छतेच्या सूचनांचे पानही तेच. पण पापड आणि भात यांच्यात जंतूंच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाळलेल्या पापडात ओलावा इतका कमी असतो की त्यात काही वाढतच नाही. शिजलेला भात मात्र झाकण घालून तासन् तास ओट्यावर राहिला, तर त्यात ओकाऱ्या काढायला लावणारे विष तयार होऊ शकते, आणि ते वासाला, चवीला, डोळ्याला कळत नाही.

घरगुती खाद्यपदार्थांच्या नियमांवर बोलायचे तर इथून सुरुवात करायला हवी. नियम असावेत की नसावेत, हा वाद जुना झाला. ते कशाकडे पाहून केलेले असावेत, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याने घराला कधीच सूट दिलेली नाही. भेसळ रोखण्यासाठी १९५४ साली केलेला कायदा जाऊन त्या जागी २००६चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, आणि परवाना-नोंदणीचे नियम ५ ऑगस्ट २०११पासून लागू झाले. नव्या कायद्यात ‘अन्न व्यवसाय’ या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. नफा असो वा नसो, सरकारी असो वा खासगी, अन्न बनवणे, साठवणे, वाहून नेणे, विकणे हे सगळे त्यात येते. २०११च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना छोटे व्यावसायिक मानून परवान्याऐवजी नोंदणीवर मोकळे केले. भाजीवाला, वडापावची गाडी, चहाची टपरी आणि सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर पुरणपोळ्या लाटणाऱ्या काकू, सगळे त्याच रांगेत आले. त्यांच्यासाठीच्या सूचना नियमांच्या चौथ्या परिशिष्टात पहिल्याच भागात आहेत: पाणी पिण्यायोग्य हवे, नखे कापलेली हवीत, कामाला हात घालण्यापूर्वी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवायचे, जखम झाकायची, संसर्गजन्य आजार असलेल्याने अन्नाला हात लावायचा नाही. सूचना चांगल्याच आहेत. त्या वाचून कोणालाही वाटेल, एवढे तर आम्ही करतोच.

आणि तिथेच घोटाळा होतो. घर स्वच्छ ठेवणे आणि पन्नास अनोळखी माणसांना पुरेल एवढे अन्न सुरक्षित ठेवणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिले बहुतेक घरांत आईकडून लेकीकडे येते. दुसरे आपोआप येत नाही, कारण घरच्या स्वयंपाकाला त्याची कधी गरजच पडली नाही. ‘आमच्या आजीने कुठे नोंदणी केली होती, तिच्या हातचे खाऊन कोणाला काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्यांनी आजीचा दिनक्रम आठवावा. भात चुलीवरून उतरला की पाने मांडली जात. खाणारे समोर असत, पंगत उठेपर्यंत पातेले रिकामे होई. उरलेच तर सकाळी फोडणीचा भात. तेवढीच काय ती जोखीम, तीही घरातल्या चार माणसांपुरती.

आता डब्यांचे घर पाहा. पाचला उठून कणीक भिजते, सहाला पाच किलो तांदूळ मोठ्या पातेल्यात चढतो. साडेसातला भात तयार. भाजी, आमटी, पोळ्या उरकून आठ-साडेआठला डबे भरायला घेतात. नऊला मुलगा येतो, पिशव्या मोटरसायकलला लटकतात. डबा ऑफिसात पोचतो साडेदहाला, उघडतो दीडला. शिजल्यापासून सहा तास झाले. या सहा तासांत भात कढत राहिला असता तर भीती नव्हती. फ्रिजइतका गार झाला असता तरी नव्हती. तो राहिला कोमट. साधारण पाच ते साठ अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा, आणि मोठ्या पातेल्यातल्या भाताचा मधला भाग या पट्ट्यात सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो.

भातात सापडणारा बॅसिलस सिरियस हा जंतू मोठा चिवट. त्याचे बीजाणू तांदळाबरोबरच येतात, शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि भात कोमट झाला की उगवतात. वाढताना ते जे विष सोडतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणजे ‘परत एक वाफ काढली’ हा घराघरातला भरवशाचा उपाय इथे कामाला येत नाही. ब्रिटनची अन्न मानक संस्था लोकांना सांगते की उरलेला भात तासाभरात गार करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. आपल्याकडे डबे करणाऱ्या बाईंना हे कोण सांगते? नोंदणीचा क्रमांक देणाऱ्या संकेतस्थळावर आधारकार्ड, फोटो आणि पत्त्याचा पुरावा मागतात. भात किती वाजता शिजतो आणि किती वाजता खाल्ला जातो, हे कोणी विचारत नाही.

उपाय काही अवघड नाहीत. भात सर्वांत शेवटी लावावा. पातेल्यात दाबून न ठेवता परातीत पसरून झटपट गार करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा, किंवा उलट, कढत असतानाच जाड तापरोधक डब्यात भरावा, म्हणजे तो साठ अंशांच्या खाली येण्याआधी खाल्ला जाईल. दोन्ही वाटा चालतात, मधली चालत नाही. स्वयंपाकघरात वापरायचा तापमापक काही शे रुपयांत मिळतो. ज्या घरातून रोज डबे जातात तिथे तो लाटण्याइतकाच गरजेचा आहे.

दुसरे उदाहरण ठेच्याचे. मिरची आणि लसूण तव्यावर परतून, मीठ घालून, तव्यातच रगडलेला ठेचा घरी दोन दिवसांत संपतो. पण तो आता बाटलीत बसून बेंगळुरूला, दुबईला जाऊ लागला आहे. टिकावा म्हणून वर बोटभर तेल ओततात, झाकण घट्ट लावतात, कुणी पिशवीतली हवा काढून सीलबंद करतात. हेतू चांगला, पण कच्चा-अर्धकच्चा लसूण, ओलावा, आंबटपणाचा अभाव आणि हवाबंद तेल हे एकत्र आले की क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूला हवी तशी जागा मिळते. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका हॉटेलात खाऊन ३६ जणांना बोट्युलिझम झाला. कारण निघाले तेलातल्या चिरलेल्या लसणाची फ्रिजबाहेर राहिलेली बाटली. या आजारात स्नायू लुळे पडत जातात आणि श्वास बंद पडू शकतो. कैरीच्या लोणच्यात हा धोका नाही, कारण तिथे कैरीचा आंबटपणा आणि भरपूर मीठ असते. आम्लता मोजायच्या पट्टीवर ४.६ हा आकडा महत्त्वाचा. त्याच्या खाली, म्हणजे जास्त आंबट पदार्थात, हा जंतू वाढत नाही. लोणचे घालणाऱ्या आपल्या आज्यांना हा आकडा ठाऊक नव्हता, पण त्यांच्या प्रमाणात तो बसलेला होता. गोव्यातल्या घरांत ‘चोरीस’ या मांसाच्या सॉसेजला व्हिनेगर आणि मीठ लावून, वाळवून, धूर देतात, त्यामागेही आंबटपणा वाढवण्याचा आणि ओलावा घटवण्याचा हाच हिशेब आहे. बिघडते ते आपण जुन्या कृतीला नवी बाटली, नवे अंतर आणि नवा टिकाऊपणा जोडतो तेव्हा. परंपरेने सांभाळलेले प्रमाण त्या नव्या प्रवासासाठी ठरवलेले नव्हते.

म्हणून नियमाने घराकडे पाहण्याआधी पदार्थाकडे पाहावे. तो ओला की कोरडा, आंबट की मिळमिळीत, शिजल्यापासून खाईपर्यंत किती तास जाणार? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे सगळे ठरायला हवे.

जगात हे करून पाहिलेले आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घरच्या ओव्हनमध्ये भाजलेला पाव विकणेही बराच काळ बेकायदा होते. १ जानेवारी २०१३पासून तिथे घरगुती पदार्थांचा वेगळा कायदा लागू झाला. त्यात फ्रिजची गरज नसलेल्या पदार्थांची यादीच दिली: पाव, बिस्किटे, मुरांबे, सुका मेवा, वाळवलेले पदार्थ. क्रीम किंवा मांसाचे सारण असलेले काही चालत नाही. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्याने स्वतःच तपासयादी भरून द्यायची, तपासणीला कोणी येत नाही. दुकानांमार्फत विकायचे असेल तर मात्र वर्षाला तपासणी. सगळ्यांना प्रशिक्षण सक्तीचे, आणि पाकिटावर ‘घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले’ असे ठळक लिहिणे सक्तीचे. पुढे २०१८मध्ये त्याच राज्याने घरून शिजवलेले जेवण विकण्यासाठी निराळा कायदा केला. तिथे तपासणी आली, त्याच दिवशी शिजवून त्याच दिवशी द्यायची अट आली, आणि सुरुवातीला दिवसाला ३०, आठवड्याला ६० जेवणे अशी मर्यादा आली. जिल्ह्यांना तो स्वीकारण्याची वा नाकारण्याची मुभा होती; रिव्हरसाइड जिल्ह्याने तो सर्वांत आधी स्वीकारला. मुरांबेवालीला मोकळीक आणि जेवणवालीवर लक्ष, हा फरक तिथल्या कायद्याने स्वच्छपणे केला. तिथले सगळेच आपल्याकडे आणावे असे नाही. साठ जेवणांची मर्यादा आपल्या डबेवाल्या घराला दोन दिवसही पुरणार नाही. पण पदार्थ पाहून वागण्याची रीत घेण्याजोगी आहे.

ब्रिटनकडून घ्यावी अशी गोष्ट वेगळी. तिथे घरून अन्न विकायचे तर धंदा सुरू करण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे मोफत नोंदणी करावी लागते, आणि मग अधिकारी घर पाहून शून्य ते पाच असे गुण देऊ शकतो. २०१६मध्ये पावात तीळ असल्याचे वेष्टनावर लिहिले नव्हते म्हणून एका किशोरवयीन मुलीचा ॲलर्जीने जीव गेला, आणि ऑक्टोबर २०२१पासून विक्रीच्या जागीच बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही सगळे घटक लिहिणे तिथे बंधनकारक झाले. मराठी स्वयंपाकाला हे फार जवळून लागू आहे. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, खिचडीत, चटणीत शेंगदाण्याचे कूट पडते, आणि करणाऱ्याला ते इतके गृहीत असते की सांगावेसेही वाटत नाही. आपल्याकडच्या २०२०च्या लेबल नियमांत शेंगदाणे, दूध, गहू, सोया यांचा ॲलर्जीच्या दृष्टीने वेगळा उल्लेख करण्याची तरतूद आहे. घरगुती पाकिटांवर मात्र बहुतेक वेळा दुकानाचे नाव, फोन नंबर आणि ‘घरगुती चव’ एवढेच असते.

‘घरगुती’ हा शब्द आपल्याकडे प्रमाणपत्रासारखा चालतो. तो ऐकला की गिऱ्हाईक पुढचे विचारत नाही. या विश्वासाची एक बाजू फार सुंदर आहे, दुसरी तितकीच कुरूप, आणि नियमांच्या चर्चेत तिच्याबद्दल क्वचितच बोलले जाते. कोणाच्या घरचे अन्न विश्वासाचे, हे आपल्या समाजात कित्येकदा आडनावावरून ठरते. जाहिरातीत जातीचे नाव घालून विकले जाणारे मसाले आणि फराळ काही नवे नाहीत. २०१७मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित अधिकारी बाईंनी आपल्याकडे स्वयंपाक केलेल्या बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार केली होती. अन्न खराब निघाल्याची तक्रार नव्हती; जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला, असे म्हणणे होते. संताप उसळला, तक्रार मागे घेतली गेली, पण त्यातून दिसलेली मनोवृत्ती एका घरापुरती नव्हती. सोवळे कोणाचा हात लागला याचा हिशेब ठेवते. जंतूंना त्याच्याशी देणेघेणे नसते; ओल्या सोवळ्याने वाढलेला भातही सहा तास कोमट राहिला तर बिघडतो.

जिच्यामागे आडनावाचे, ओळखीचे, मोक्याच्या वस्तीचे पाठबळ नाही तिला लेखी, मोजता येणारा, सर्वांना सारखा नियम सर्वांत जास्त उपयोगी आहे. वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत चकल्या तळणारी बाई जर दाखवू शकली की तिचे पाणी तपासलेले आहे, तेल ठरल्या वेळी बदलले आहे, पाकिटावर बनवल्याची तारीख आहे, तर तिच्या चकलीला आणि मोठ्या बंगल्यातल्या चकलीला एकच माप लागेल. नियमांना विरोध करताना ‘गरीब बायकांच्या पोटावर पाय येईल’ असे म्हटले जाते. वाईट रीतीने लादलेल्या नियमाने तो येईलच. पण नियमच नसेल तेव्हा बाजार ओळखीवर चालतो, आणि ओळखी गरिबाकडे कमीच असतात.

महाराष्ट्रातल्या बायकांनी हे आधीच ओळखले होते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. त्या व्यवस्थेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पीठ घरोघरी भिजत नाही, ते शाखेत एका प्रमाणाने तयार होते. बहिणी ते घरी नेऊन लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देतात. घर स्वच्छ आहे का, पापड वाळवायला पुरेशी जागा आहे का, हे पाहिले जाते. जागा नसेल तर बाईला नाकारत नाहीत. तिला शाखेत पीठ मळण्यासारखे दुसरे काम देतात. चुकीला जिथे वाव जास्त ते काम एका छताखाली, जिथे वाव कमी ते घरी. अन्नशास्त्रज्ञांनी आखावी अशी ही विभागणी शिक्षणाची फारशी संधी न मिळालेल्या बायकांनी स्वतःच्या अनुभवाने आखली. तिथे नियमामुळे कोणी बाहेर फेकले गेले नाही. १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हाही त्या बायका सावकाराच्या कचाट्यातून सुटून बँकेच्या दारात पोचल्या त्या एकत्र येऊन, नोंद होऊन. नावावर नोंद नसलेल्या कामाला कर्ज मिळत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला लागले नाही.

आज सरकारचेच हात एकमेकांना ओळखत नाहीत. अन्न खाते म्हणते, घरातून विका, नोंदणी करा. गॅसचे नियम म्हणतात, १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येणार नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या. ज्या बाईने प्रामाणिकपणे नोंदणी केली तिने स्वतःच्या हाताने पुरावा तयार केला की आपल्या ओट्यावर धंदा चालतो. मग ती नोंदणी कशाला करेल? याउलट राज्याच्या वीज नियामक आयोगाने समंजसपणा दाखवला आहे. घराच्या काही भागात छोटा व्यवसाय असेल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत, वर्षाचा ३६०० युनिटपर्यंत असेल, तर दर घरगुतीच लागतो. गॅसला असे माप लावायला हरकत काय? सोसायट्यांचा त्रास निराळाच. वरच्या मजल्यावर शिकवणी चालते, खाली सल्लागाराचे ऑफिस चालते, पण डब्यांच्या वासाची तक्रार मात्र सभेत येते.

तपासणीचाही विचार माणुसकीने व्हायला हवा. कायद्याने अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला जिथे विक्रीसाठी अन्न बनते तिथे शिरण्याचा अधिकार आहे. हॉटेलात शिरणे आणि एकट्या बाईच्या घरात शिरणे सारखे नाही. कोरड्या पदार्थांसाठी अशी भेट लागूच नये. प्रशिक्षण आणि बाजारातून उचललेला नमुना पुरे. ओल्या, शिजवलेल्या पदार्थांसाठी भेट हवी, पण आधी कळवून, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि पहिल्या भेटीत दंड न करता काय सुधारायचे ते लिहून देणारी. कायद्यात सुधारणा-नोटिशीची तरतूद आहेच. ती दंडाच्या आधी वापरली जावी, एवढेच.

पदार्थ ओळखून सावध करण्याचे काम आपल्या अन्न व औषध प्रशासनाला चांगले जमते, हे भगरीच्या बाबतीत दिसले आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहाच्या प्रसादातली भगर-आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले. रस्त्याच्या कडेला दोऱ्या बांधून सलाईन लावावे लागले. दमट हवेत भगरीवर बुरशी धरते, तिची विषद्रव्ये पिठात उतरतात. म्हणून प्रशासन नवरात्राच्या, महाशिवरात्रीच्या तोंडावर सांगते: सुटी भगर घेऊ नका, तारीख पाहून पाकीटबंद घ्या, पीठ दळून फार दिवस ठेवू नका. पदार्थाचे नाव, कारण, ऋतू आणि करायची कृती, सगळे मराठीत आणि चार ओळींत. भातासाठी, पनीरसाठी, बासुंदीसाठी, तेलातल्या ठेच्यासाठी, मेयोनीजसाठी अशाच चार-चार ओळी का नसाव्यात?

त्या पोचवण्याच्या वाटाही तयार आहेत. ‘उमेद’ अभियानाचे बचत गट गावोगाव आहेत, महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५पासून काम करते आहे, २०२०मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदानाबरोबर प्रशिक्षणाचीही सोय आहे. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात, पुण्याच्या भीमथडी जत्रेत गाळा देताना नोंदणी क्रमांक विचारतातच. तिथेच दोन तासांचा वर्ग ठेवता येईल, ज्यात तापमापक हातात देऊन भाताच्या पातेल्यात घालायला लावतील आणि आम्लता मोजायची कागदी पट्टी ठेच्यात बुडवून दाखवतील.

ॲपवरून विकणाऱ्यांच्या बाबतीत कंपन्यांवरही जबाबदारी टाकता येते. २०१८मध्ये नोंदणी वा परवाना नसलेली दहा हजारांहून अधिक उपाहारगृहे ॲपवरून हटवली गेली, ती केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दट्ट्या लावल्यावरच. क्रमांक आहे का, एवढे पाहून थांबण्याऐवजी शिजवल्याची वेळ पावतीवर छापायला त्यांना भाग पाडता येईल. यंत्रात ती सोय करणे त्यांना एका आठवड्याचेही काम नाही.

गिऱ्हाइकाचाही यात वाटा आहे. ‘घरचेच तर आहे, मग एवढे महाग कशाला’ म्हणून घासाघीस करणाऱ्याने लक्षात ठेवावे की तेल वेळेवर फेकायचे, उरलेला भात टाकून द्यायचा आणि पाणी तपासून घ्यायचे, तर त्याचा खर्च डब्याच्या किमतीतच निघतो. तळणीच्या तेलातली खराबी किती चालेल याची मर्यादा १ जुलै २०१८पासून २५ टक्के अशी ठरलेली आहे. सहाव्या-सातव्या घाण्याला काळे पडलेले तेल ओतून देण्याचे धैर्य शंभर रुपयांना अर्धा किलो चकली मागणाऱ्या गिऱ्हाइकामुळे येत नाही. दिवाळीच्या ऑर्डरी घेताना दर सांगण्याआधी बनवल्याची तारीख, तेल कोणते आणि किती वेळा तापवले, कूट आहे का, हे विचारणारी दहा माणसे एका सोसायटीत निघाली, तर त्या सोसायटीतल्या काकू दुसऱ्याच वर्षी पाकिटावर ते स्वतःहून लिहू लागतील.